फळ्यावरचं शून्य

"हे... मला विचारताय तुम्ही?"

पराग धामणकरने कागद टेबलावरून परत सरकवला. कागदावर एकच ओळ होती : कोल्ड स्टोरेजमधल्या तापमानांची यादी दिली, तर त्यातलं सर्वांत जास्त तापमान शोधणारा प्रोग्राम लिहा.

"पंधरा वर्षं काढलीत मी या धंद्यात, मॅडम. दोन बँकांच्या सिस्टिम उभ्या केल्यात. हे तर पॉलिटेक्निकची पोरंही लिहितात."

"लिहितात की," खेडेकर बाई म्हणाल्या. "मीच शिकवायचे त्यांना."

निवृत्त झाल्यावर बाईंनी रत्नागिरीत सहा माणसांची कंपनी काढली होती. मासळीच्या कोल्ड स्टोरेजसाठी त्या सॉफ्टवेअर करून देत. तिथेच मुलाखतीला आलेल्या परागची पुण्यातली नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. त्याआधीची सहा वर्षं त्याने नुसत्या मीटिंगा घेतल्या होत्या. हे मात्र त्याने अर्जात लिहिलं नव्हतं.

बाईंनी मार्कर पुढे केला. तो घेईना, तरी हात तसाच ठेवला...

शेवटी पराग उठला. फळ्यावर सात ओळी झरझर लिहिल्या. सुरुवातीला 'सर्वांत जास्त' म्हणून शून्य धरलं. मग यादीतलं एकेक तापमान त्याच्याशी ताडून पाहायचं, जास्त निघालं की ते धरायचं. झालं!

"मासळी उणे अठरात ठेवतात," बाई हळूच म्हणाल्या. "कधी उणे वीस."

परागने फळ्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या.

उणे अठरा... उणे वीस... एकही आकडा शून्याच्या वर जाणार नव्हता. त्याचा प्रोग्राम रोज शून्यच सांगणार होता, आणि खराब झाली समजून कुणीतरी चांगली मासळी फेकून देणार होतं.

जिभेवर चार सबबी आल्या. 'तुम्ही आधी सांगायला हवं होतं' ही त्यातली सगळ्यांत बरी.

ती त्याने गिळली. डस्टर शोधत बसला नाही. तळहातानेच शून्य पुसलं आणि तिथे यादीतलं पहिलं तापमान घेतलं.

"चुकलं माझं, बाई," तो म्हणाला. "सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. सवयच गेलीय."

आणि बॅग उचलून तो दाराकडे वळला.

"बसा, धामणकर. चहा येतोय."

"पण... मी तर चुकलो."

"सकाळपासून नऊ जणांनी तिथे शून्यच लिहिलं," बाई म्हणाल्या. "चुकलं म्हणणारे तुम्हीच पहिले."