डावी मूठ

‘‘पण मी कधी चुकलो का, बुवा? एकदा तरी?’’

लखूबुवा मठीतल्या चुलीवरचा चहा उतरवत होते.

विचारणारे होते खडतरे मास्तर. शाळेत विज्ञान शिकवत आणि उरलेला वेळ लबाडांच्या हात धुऊन पाठीस लागत. जुन्या काळचे किमयागार पोकळ कांडीत सोनं भरून मेणानं तोंड कसं बुजवत, इथपासून मोबाइलवर खोटे फोटो पाठवून लोकांना कसं गंडवतात, इथपर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या मोबाइलवरच्या गटात हजारो माणसं होती. मास्तरांनी एखादा बाबा उघडा पाडला की तिथं नुसता टाळ्यांचा पाऊस.

या मठीवरही ते एकदा कॅमेरा घेऊन आले होते. पण हा म्हातारा अंगारा देईना, की त्याच्या अंगात काही येईना. आल्यागेल्याला चहा पाजायचा, बस्स. मास्तर हात हलवत परत गेले. उघडं पाडण्यासारखं काहीच सापडलं नाही अशी ही एकच जागा. म्हणून आज जीव कासावीस झाला, तेव्हा पाय इकडेच वळले.

‘‘लेक आलीय घरी. वेणू. आज संध्याकाळच्या एस्टीनं मुंबईला जाईल, तिथून परदेशात. पुन्हा कधी येईल...’’

‘‘मग तुमी हितं काय करताय?’’

‘‘ती माझ्याशी बोलत नाही, बुवा. म्हणजे बोलते. जेवलात का, गोळी घेतलीत का... एवढंच. आईशी तासन्‌तास गप्पा. मी खोलीत गेलो की गप्प.’’

‘‘काय केलंत तिला?’’

‘‘काही नाही हो! कधी बोट लावलं नाही. कधी खोटं बोललो नाही.’’ मास्तर थांबले. ‘‘लहान होती तेव्हा दोन मुठी वळून पळत यायची. अप्पा, ओळखा, कुठल्या हातात? मी पेपरातून एकदा नजर वर करायचो. डाव्या. अंगठा ताणलाय तुझा. की मूठ न उघडताच गेली पळून.’’

‘‘दर येळी बरुबर?’’

‘‘दर वेळी.’’ सांगताना मास्तरांची मान अजूनही जराशी ताठ झाली. ‘‘मग कधीतरी तिनं मुठी आणणंच सोडलं. तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. आता वाटतं, एकदा यावं तिनं. एकदाच म्हणावं, अप्पा, ओळखा. फार आस लागलीय, बुवा.’’

बुवांनी चहाचा पेला पुढे सरकवला.

‘‘मी ज्वानपणी बहुरूपी हुतो, ठावं हाय न्हवं? खोटा फौजदार व्हायचो. पुठ्ठ्याचा पट्टा, दोरीची शिट्टी. सारं गाव वळखायचं. तरी बायाबापड्या दारात यून खोटंखोटं घाबरायच्या. सूपभर जुंधळा घालायच्या.’’ बुवा आठवणीनं हसले. ‘‘एकांदा शहाणा मातुर वसरीवरनंच वरडायचा, ह्यो फौजदार न्हवं, लखू हाय!’’

‘‘मग?’’

‘‘मग काय... पुढल्या साली त्याच्या दाराकडं पाय वळंना.’’

मास्तर पेल्याकडे बघत बसले. चहावर साय धरली.

बुवांनी हात पाठीमागे नेले. पुढे आणले तेव्हा दोन्ही मुठी वळलेल्या होत्या.

मास्तरांचे डोळे आपोआप बारीक झाले.

‘‘डावी. पेरं पांढरी पडलीत.’’

‘‘बरुबर.’’

बुवा मुठी तशाच वळलेल्या ठेवून बसून राहिले. चुलीतलं लाकूड तडतडलं.

‘‘उघडा की, बुवा.’’

‘‘कशापायी? वळखलंत की.’’



मास्तर त्या सुरकुतलेल्या मुठीकडे बघू लागले. बघता बघता त्यांना दुसरीच एक मूठ दिसायला लागली. इवलीशी, घामेजलेली, त्यांच्या पेपराच्या अगदी जवळ धरलेली. आत जे काही होतं ते सांडू नये म्हणून गच्च आवळलेली.



‘‘बुवा... काय आहे हो त्यात?’’

‘‘मला काय इचारता, मास्तर? एस्टी सांजची हाय न्हवं?’’