चिंगी चिचुंद्रीची खीर

तुम्हाला कधी खूप खूप लाज वाटली आहे का? इतकी, की मान वरच होत नाही?

चिंगी चिचुंद्रीला वाटली होती.

त्या दिवशी आवळीखाली जेवण होतं. चूल पेटली होती. रताळ्यांची खीर व्हायची होती. कारभारीण कोण? चिंगी!

सगळे प्राणी रांगेत उभे राहिले. चिंगीने भराभरा कामं वाटली. "तू हे कर. तू ते कर. तू ते आण." कुणाला काय जमतं, ते विचारलंच नाही.

"आणि दुधावर लक्ष मी ठेवणार!" चिंगी म्हणाली.

पण चिंगीला नीट दिसतच नाही. दूध वर आलं, तिला दिसलं नाही. आणखी वर आलं, तरी दिसलं नाही. फस्स! सगळं दूध उतू गेलं.

"अगं बाई, कारभारीण!" सगळे म्हणाले.

चिंगीने मान खाली घातली.

तुरुतुरु चालली. चुक चुक रडली. गाईकडे गेली.

"गाईआत्या, गाईआत्या, दूध दे.
खीर काही होईना,
माझी मान वर होईना!"

गाय म्हणाली, "कामं वाटणारी तूच ना? मला आवळे पाडायला लावलंस! मी कशी झाडावर चढू? दोन पाय खोडाला लावले आणि धप्पकन पडले. माझं वासरूसुद्धा हसलं. लाज वाटते मला. आवळे पडतील, तरच दूध देईन."

चिंगीची मान आणखी खाली गेली.

तुरुतुरु चालली. चुक चुक रडली. खारीकडे गेली.

"खारूताई, खारूताई, आवळे पाड.
गाय दूध देईना,
खीर काही होईना,
माझी मान वर होईना!"

खार म्हणाली, "कामं वाटणारी तूच ना? मला पाणी आणायला लावलंस! घागर केवढी, मी केवढी! वाकून बघितलं आणि बुडुक! आत पडले. शेपटीला धरून काढलं मला, सगळ्यांदेखत! लाज वाटते मला. पाणी येईल, तरच आवळे पाडीन."

चिंगीची मान आणखी खाली गेली.

तुरुतुरु चालली. चुक चुक रडली. गाढवाकडे गेली.

"गाढवदादा, गाढवदादा, पाणी आण.
खार आवळे पाडीना,
गाय दूध देईना,
खीर काही होईना,
माझी मान वर होईना!"

गाढव भिंतीकडे तोंड करून उभं होतं. ते म्हणालं, "कामं वाटणारी तूच ना? मला गाणं म्हणायला लावलंस! मी सूर लावला, ह्यॅं हो! ह्यॅं हो! बेडूक पण कान झाकून पळाले. लाज वाटते मला. कुणी गोड गाईल, तरच पाणी आणीन."

चिंगीची मान आणखी खाली गेली.

तुरुतुरु चालली. चुक चुक रडली. साळुंकीकडे गेली.

"साळुंकीबाई, साळुंकीबाई, गाणं गा.
गाढव पाणी आणीना,
खार आवळे पाडीना,
गाय दूध देईना,
खीर काही होईना,
माझी मान वर होईना!"

साळुंकी म्हणाली, "कामं वाटणारी तूच ना? मला रताळी खणायला लावलंस! टक टक टक, टक टक टक. रताळं एकही नाही, चोचीत नुसती माती. थू! लाज वाटते मला. रताळी निघतील, तरच गाणं गाईन."

चिंगीची मान आणखी खाली गेली.

तुरुतुरु चालली. चुक चुक रडली. घुशीकडे गेली.

"घूसमावशी, घूसमावशी, रताळी काढ.
साळुंकी गाणं गाईना,
गाढव पाणी आणीना,
खार आवळे पाडीना,
गाय दूध देईना,
खीर काही होईना,
माझी मान वर होईना!"

घूस म्हणाली, "कामं वाटणारी तूच ना? मला वेलची शोधायला लावलंस! गवतात पडली म्हणे. माझ्या नाकात सदा माती, मला कसला वास येतोय? वेलची म्हणून काय घेऊन आले, माहीत आहे? शेळीची लेंडी! लाज वाटते मला. वेलची सापडेल, तरच रताळी काढीन."

आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नाही.

चिंगीची मान खाली, खाली, खाली गेली. इतकी खाली, की नाक गवताला टेकलं.

सूं सूं.

चिंगी थांबली.

सूं सूं सूं! इकडे नाही. सूं सूं सूं! तिकडे नाही. सूं सूं सूं! इथे!

"वेलची!" चिंगी ओरडली. "मावशी, मला दिसत नाही, पण वास येतो!"

"मग हे काम तुझंच होतं की गं!" घूस म्हणाली.

"हो," चिंगी हळूच म्हणाली. "आणि खणायचं काम तुझं. चुकलं माझं. मी विचारलंच नाही."

घुशीने रताळी काढली, खर्र खर्र.
साळुंकी गाणं गायली, चिवळ चिवळ.
गाढवाने पाणी आणलं, डुबुक डुबुक.
खारीने आवळे पाडले, टप टप टप.
गाईने दूध दिलं, सुर्र सुर्र.

चिंगी चुलीपाशी आली. हळूच म्हणाली, "दुधावर लक्ष कुणाला ठेवता येईल?"

"मला!" साळुंकी म्हणाली. "फांदीवरून मला सगळं दिसतं."

दूध वर आलं. "आलं, आलं!" साळुंकी ओरडली. चिंगीने वेलची टाकली. खीर झाली, रटरट रटरट.

गाईने पहिला द्रोण चिंगीपुढे ठेवला.

"मी कशी घेऊ? चूक तर माझीच," चिंगी म्हणाली.

"वेलची कुणी शोधली? घे गं, गार होईल," गाय म्हणाली.

चिंगीने मान वर केली. जरा लाजली. मग भुर्र भुर्र खीर प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासायची होती. चिंगीने आधी सगळ्यांना विचारलं, "कुणाला काय जमतं?" आणि पातेलं गाईने चाटून साफ केलं.