काकणी बंद झाली तेव्हा

पूर्वी शंखावती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व यशोमित्र या नावाने त्याची टांकसाळ सांभाळीत होते.

राजा वाईट नव्हता, पण फार संशयी होता. दरबारात कुणी शिंकले तरी त्याचा हात तलवारीकडे जाई. दोघे हळू बोलत असले की ते आपल्याविषयीच बोलत आहेत असे त्याला वाटे. मोठ्याने बोलत असले की काहीतरी लपवत आहेत असे वाटे. चाखणाऱ्या सेवकाने दूध पिऊन दाखवले तरी राजा त्याच्या तोंडाकडे बघत बसे, आणि तेवढ्यात दूध गार होऊन जाई.

एके दिवशी कोषाध्यक्ष कालक म्हणाला, "महाराज, काकणी पाडणं बंद करावं. सगळ्यांत हलकं नाणं ते, पण एक पाडायला दोन काकण्यांचं तांबं आणि कोळसा जातो. हल्ली भिकारीसुद्धा नाक मुरडून घेतो."

राजाने यशोमित्राकडे पाहिले.

"तोटा खरा आहे, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "तरी बंद करू नये. गरीब माणूस काकणीला दिवसाचं मीठ घेतो. काकणी गेली तर चार दिवसांचं एकदम घ्यावं लागेल, ते पैसे तो कुठून आणेल?"

तोटा मान्य, तरी बंद नको! राजाच्या मनात पाल चुकचुकली. याला मिठाचा एवढा कळवळा कधीपासून? तेवढ्यात कालक कानाशी लागला. "तांब्याचे व्यापारी याच्या घरी येऊन जाऊन असतात म्हणे."

ही थाप होती. आदल्याच दिवशी कालकाने बोधिसत्त्वांना सांगून पाहिले होते की माझ्या बाजूने बोललास तर चांदीची टांकसाळही तुझ्याकडे देववतो, आणि त्यांनी नाही म्हटले होते. राजाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

दवंडी पिटली गेली. लोकांनी काकण्या जमा करून माषक हे मोठे नाणे न्यावे, असा हुकूम निघाला. आठवडाभरात साऱ्या काकण्या भट्टीत गेल्या. यशोमित्राच्या घराची झडतीही झाली. चार मडकी आणि एक झोपलेले मांजर सापडले.

"बाकी काहीच नाही?" राजाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "म्हणजे फारच हुशार दिसतो."

राजवाड्याच्या दाराशी एक घंटा टांगलेली होती. गाऱ्हाणे असलेल्याने ती वाजवावी आणि राजाने त्याला आत बोलावून ऐकावे, अशी रीत होती. ती घंटा आता वाजेनाशी झाली. पहिल्या दिवशी राजाला बरे वाटले. "बघा, प्रजा सुखात आहे," कालक म्हणाला. पाचव्या दिवशी राजाला घास उतरेना. विसाव्या दिवशी त्याची खात्रीच पटली. एवढ्या मोठ्या नगरात कुणाची एक म्हैस चोरीला जात नाही? एकही सून सासूवर चिडत नाही? लोकांचे आतून काहीतरी शिजते आहे, आणि शिजवणारा एकच असणार.

"यशोमित्रा, तूच लोकांना गप्प केलंस. सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर हो. परत दिसलास तर धडावर मान राहणार नाही."

बोधिसत्त्व रागावले नाहीत. "जातो, महाराज. घंटा का वाजत नाही हे मलाही माहीत नाही. पण ते इथं बसून कळायचं नाही. एकदा दारामागे उभं राहून ऐका, मग मला जा म्हणा."

राजाला हा सापळाच वाटला. पण राहवेना. अंगरख्याखाली चिलखत चढवून, चार शिपाई घेऊन आणि यशोमित्राला पुढे घालून तो दारामागे येऊन उभा राहिला.

बाहेर द्वारपाल हुज्जत घालत होता.

"आजी, आधी काकणी टाक, मग घंटेला हात लाव."

"मेल्या, काकणी आणू कुठून? तुझ्या राजानंच वितळवल्या ना! हा माषक घे."

"छे छे! काकणीहून जास्त घेतलं की ती लाच. थोरल्या महाराजांचा नियम आहे. हात तुटेल माझा."

"मग फुकट सोड."

"फुकट सोडलं तर ओळखीनं सोडलं म्हणतील. काकणी म्हणजे काकणी! गरिबातल्या गरिबाकडेही असते, म्हणून तर ती ठरवली."

"असते म्हणे! एवढे हेलपाटे मी माहेरी घातले नाहीत. आमची मातीची खाण बळकावलीय, महिनाभर चाक बंद आहे. आणि आत तो बसला असेल, प्रजा सुखात आहे म्हणत!"

मागे हशा पिकला. राजाने फटीतून पाहिले. तिस्सा नावाची म्हातारी कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्यामागची रांग पार विहिरीपर्यंत गेली होती.

राजाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "कालक!" तो दात खाऊन म्हणाला. "त्यानं मुद्दाम माझे कान बंद केले. पकडा त्याला!"

"थांबा, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "तोटा त्यानं खराच सांगितला होता. दाराचा नियम तो विसरला असेल. तुम्ही विसरलात. मीही विसरलो, मला फक्त मीठ आठवलं."

"तांब्याचे व्यापारी तुझ्या घरी येतात असं त्यानंच माझ्या कानात सांगितलं, तरी त्याची बाजू घेतोस? तुमचं दोघांचं काही ठरलंय का?"

बोधिसत्त्वांना हसू आले. "सकाळी तुम्ही मला हाकललंत. आता त्याला हाकलाल. उद्या कुणाला? कालकाचा न्याय करायचा तर त्यालाही बोलावून ऐका. पण आधी आजीचं ऐका. ती केव्हाची उभी आहे."

राजाने कडीला हात लावला. बाहेर एवढी माणसे, आणि आपल्याजवळ शिपाई चारच. मग त्याने त्या चौघांना मागे राहायला सांगितले आणि स्वतःच कडी काढली.

"काय झालं, आजी?" त्याने विचारले.

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत ऐकत होता. शेवटी कालकाचेही ऐकले. त्याने खोटा आळ कबूल केला आणि बोधिसत्त्वांच्या शब्दावरून त्याला क्षमा मिळाली. काकणी पुन्हा पडू लागली. तोटा खजिन्याने सोसला.

ही जुन्या जन्मीची गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, कोण कोण होते ते उलगडले. "तेव्हाचा कालक आजचा देवदत्त. तिस्सा कुंभारीण म्हणजे आजची ज्येष्ठ भिक्खुणी उत्पलवर्णा थेरी. सोबती हसले तरी आपल्यालाच हसले असे समजणारा, इथे समोर बसलेला हा भिक्खू तेव्हा अरिंदम राजा होता. टांकसाळ सांभाळणारा यशोमित्र मी." ज्याने संशय घेतला आणि ज्याने आळ घेतला, त्या दोघांचेही बोधिसत्त्वांनी सारखेच भले चिंतले. त्या जन्मी त्यांनी पूर्ण केली ती मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांविषयीच्या मैत्रीची परिपूर्णता.