चौदा वेळा ऐकलेला धडा

एकदा एका आडगावच्या शाळेत वीस टॅब आले आणि त्यांच्या पाठोपाठ हेमलताबाईंच्या मनात संशय आला. बाई सहावीला गणित शिकवत. अठरा वर्षांच्या नोकरीत खडू, फळा आणि स्वतःचा आवाज यांपलीकडे त्या कशावर विसंबल्या नव्हत्या. आता टॅबमधून कुणी अनोळखी आवाज अपूर्णांक समजावून सांगे, मुले हेडफोन लावून ऐकत, आणि शेवटी पडद्यावर गुण झळकत. जे इतक्या सहज मिळते त्यात कुठेतरी फसवणूक असणारच, असे बाईंना वाटे.

ती फसवणूक आपल्या हाती लागली, असे त्यांना कावेरीमुळे वाटले. कावेरी वर्गात तोंड उघडत नसे. प्रश्न विचारला की खाली मान घाली, नाहीतर भलतेच उत्तर देई. टॅबवर मात्र वीसपैकी वीस. तालुक्याच्या गणित स्पर्धेसाठी टॅबवरच्या गुणांवरून निवड झाली, तेव्हा यादीत पहिले नाव तिचे आले.

बाईंनी तिचा टॅब तपासला. अपूर्णांकांच्या भागाकाराचा एकच धडा तिने चौदा वेळा ऐकला होता. ज्याला समजते तो चौदा वेळा कशाला ऐकेल? बाईंनी तिला समोर उभे केले.

"कुणाचं बघून लिहितेस?"

"कुणाचंच नाही, बाई."

"मग वर्गात विचारलं की का येत नाही?"

यावर मुलगी काहीच बोलली नाही. बाईंनी त्या गप्प राहण्याला कबुली मानले.

तरीही यादीतून नाव खोडण्यापूर्वी त्यांनी आपल्या गुरुजींना बोलावणे धाडले. गुरुजींनी त्यांना लहानपणी याच शाळेत शिकवले होते. वय ऐंशीच्या पुढे गेले होते, पण त्यांचा शब्द बाईंसाठी अजूनही अखेरचा होता. सगळे ऐकून ते एवढेच म्हणाले, "तू शिकव. मी बसतो."

सकाळभर ते शेवटच्या बाकावर बसून राहिले. मधल्या सुट्टीत मुले मैदानात गेली, तेव्हा त्यांनी कावेरीला थांबवून घेतले आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. तिला फळ्याकडे तोंड करून बसवले, स्वतः तिच्या मागे चार हातांवर जाऊन उभे राहिले, आणि तिथून नेहमीच्या आवाजात विचारले, "अर्ध्याचं निम्मं किती?"

कावेरी फळ्याकडे पाहत राहिली.

"दीडची दुप्पट किती?"

उत्तर नाही.

"पाच नवे किती?"

तिसरीतल्या पोरालाही येणारा पाढा, पण कावेरी हललीसुद्धा नाही. हेमलताबाईंनी सुस्कारा सोडला. आपला संशय खरा ठरला याचे समाधान त्यात होते आणि थोडे दुःखही.

गुरुजी मग सावकाश पुढे आले. तिच्या समोरच्या बाकावर बसले आणि पहिल्यापेक्षा हळू आवाजात म्हणाले, "पाऊण भाकरीचे अष्टमांशाचे तुकडे केले, तर किती होतील?"

कावेरीचे डोळे त्यांच्या ओठांवर खिळले होते. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "सहा."

त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. चारही बरोबर आले. "जा, डबा खा," असे म्हणून गुरुजींनी तिला पाठवून दिले.

"गुरुजी, मला काहीच कळलं नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "मगाशी पाच नवे येत नव्हते आणि आता हे आलं?"

"मगाशी तिला प्रश्नच ऐकू आला नाही," गुरुजी म्हणाले. "माझ्या कानातही यंत्र आहे, म्हणून मला ती मान ओळखता आली. सकाळी तू बोलत बोलत फळ्याकडे वळलीस की ती मान लांब करी, तुझं तोंड दिसतंय का ते बघायला. आणि तिच्या हेडफोनचा आवाज तर मला दोन बाक सोडून ऐकू येत होता. टॅबवर तिला आवाज वाढवता येतो, निसटलेलं वाक्य पुन्हा ऐकता येतं. चौदा वेळा ऐकलं तरी तिथे कुणी कपाळाला आठ्या घालत नाही."

"म्हणजे यंत्रच बरोबर होतं," बाई हळूच म्हणाल्या.

"यंत्रानं चौदाचा आकडा नोंदवला, हेमलता. का, हा प्रश्न त्याला पडला नाही आणि पडणारही नाही. यंत्रावरचा तुझा संशय मी काढून घेणार नाही. तो राहू दे, त्यानं तू जागी राहशील. पण चौदाचा आकडा दिसल्यावर 'का' हा प्रश्न तुला पडला होता. फक्त त्याचं उत्तर तू त्या लेकराला विचारण्याआधीच ठरवून टाकलंस. आता पहिल्यांदा तिच्या आईवडिलांना भेट. तालुक्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवायला सांग."

सुट्टी संपायला थोडा वेळ होता. हेमलताबाई व्हरांड्यात गेल्या. कावेरी डबा धुऊन येत होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, तिला आपला चेहरा नीट दिसेल अशा.

"कावेरी, तुला कमी ऐकू येतं, हे कधी सांगितलं का नाहीस गं?"

मुलगी गोंधळली. उत्तर चुकणार नाही ना, अशा बेताने म्हणाली, "बाई, मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच ऐकू येतं."

घंटा झाली. बाईंनी वर्गात जाऊन कावेरीचे दप्तर मागच्या बाकावरून उचलले, अगदी पुढच्या बाकावर आणून ठेवले आणि खडू हातात न घेताच, मुलांकडे तोंड करून तासाला सुरुवात केली.