शेठच्या पायावरची पिशवी

"संपत वायरमननं शेठच्या पायावर पिशवी..." जिन्यात एवढंच कानावर आलं आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. इतका गरीब स्वभावाचा मुलगा! मी सरळ त्यालाच गाठलं.

"काकू, जुनी पिशवी फाटून शिडीवरून पक्कड पडली. खालचा माणूस थोडक्यात वाचला. म्हणून नवी घ्यायला शेठच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, 'तुला काय कळतंय? ही चकचकीत घे, जन्मात फाटायची नाही.' मी हातोडी, ड्रिल, सगळं तिच्यात भरलं आणि म्हटलं, 'शेठ, जरा तुमच्या पायावर उचलून धरतो.'"

"अगंबाई! मग?"

"शेठनी पाय झटकन मागे घेतला आणि मुकाट्यानं जाड कॅनव्हासची पिशवी काढून दिली."

"म्हणजे पायाला लागलं नाही?"

"लागलं ना! मागे घेताना त्यांच्याच स्टुलावर आपटला."