दोन ओव्या राहिल्या, महाराज

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती ते नीट कोणी सांगत नाही. आज्याला विचारलं तर तो म्हणतो, माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकली. तेव्हा मोजत बसू नका, ऐका.

आमचं गाव माळसोंडे. ते वर, उतारावर. खाली उतरलं की उंबरदरे. मधे उंबराच्या झाडाखाली एक झरा आहे. तो झरा उंबरदऱ्याचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या काळी आमच्या गावाला हे आठवत नव्हतं.

त्या काळी माळसोंड्यात सगळे बांध कोरायचे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आपल्या आणि शेजाऱ्याच्या रानामधे मातीचा बांध असतो. नांगर हाकताना तो जरासा बांधात घालायचा आणि निघालेली माती पलीकडं लोटायची. वर्षाला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ. बांध तिथंच दिसतो, फक्त थोडा सरकलेला असतो. शेजारी बोलत नाही, कारण तो पण त्याच्या शेजाऱ्याला तेच करत असतो. भाऊ भावाचा बांध कोरायचा, जावई सासऱ्याचा कोरायचा. सुभानजी पाटील सगळ्यांचाच कोरायचा, कारण तो पाटील. असं म्हणतात की पोरगी द्यायची असली तर बाप आधी नवऱ्यामुलाचं नांगर वळवणं बघून यायचा.

आणि गाव मोठं देवाचं हं. चातुर्मासात रोज संध्याकाळी देवळात पोथी. नारोभट वाचायचे, सगळं गाव मांडी घालून ऐकायचं. कपाळाला बुक्का, डोळ्यांत पाणी. सकाळी उठून परत बांधावर.

त्या गावात गोंदनाक नावाचा वेसकर होता. वेशीची राखण करायची आणि गावची शीव कुठून कुठं जाते ते ध्यानात ठेवायचं, हे त्याच्या घराचं पिढीजात काम. त्याला देवळात घेत नसत. का घेत नसत ते घरी मोठ्यांना विचारा, आणि सांगताना ते कुठं बघतात ते पण बघा. देवळाच्या भिंतीला एक झरोका होता आणि झरोक्याखाली बाहेर एक दगड होता. गोंदनाक त्या दगडावर बसायचा आणि पोथी ऐकायचा. आत माणसं पेंगायची, बाहेर हा जागा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं. पण ऐकून ऐकून सगळी पोथी त्याच्या तोंडात बसली होती. गुरं हाकताना पोथी, लाकडं फोडताना पोथी. असं म्हणतात की त्याच्या कुऱ्हाडीचा घाव पण ओवीच्या शेवटाला पडायचा.

आता त्या पोथीत सातव्या अध्यायात दोन ओव्या होत्या:

जो सारी परक्याची शीव । तयाचा भूमी जाणे भाव ।
न सांगे कोणासी नाव । परी विसरेना ॥

उगी राहे वरुषें बहुत । मग एके दिनीं बोलत ।
साक्षीस तियेच्या भगवंत । उभा असे ॥

एका वर्षी पाटील नारोभटांना म्हणाला, "भटजी, त्या दोन ओव्यांना उगंच येळ जातो. सोडून देत जा."

नारोभटांच्या घरी धान्य पाटलाकडून यायचं. त्यांनी सोडल्या. सहावी ओवी वाचली आणि घसा खाकरून एकदम नववी. आत कोणाला काही कळलं नाही, किंवा सगळ्यांना कळलं. तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला, "दोन ओव्या राहिल्या, महाराज."

  मग नारोभटांनी खाली मान घालून त्या दोन ओव्या भरभर वाचल्या, गरम चहा घोटावा तशा.

पुढच्या वर्षी परत तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पण. पाटलानं गोंदनाकाला बोलावून दम दिला. गोंदनाक म्हणाला, "मालक, मी माझं काय बोललो? पोथीतलंच बोललो."

अशी पंधरा वर्षं गेली. पंधरा वर्षांत आमच्या गावाची शीव कोरत कोरत झऱ्याच्या पलीकडं गेली. शिवेचे दगड पण उचलून पलीकडं नेऊन बसवले. मग आमच्या लोकांनी झऱ्यावर राखण बसवली. उंबरदऱ्याच्या बाया घागरी घेऊन आल्या तर त्यांना परत पाठवलं. त्यांना पाण्यासाठी दीड कोस लांब नदीवर जावं लागायला लागलं.

उंबरदऱ्याचे लोक देशमुखाकडं गेले. देशमुखानं सांगितलं, जुन्या रितीनं ठरवा. जुनी रीत अशी की शीव माहीत असलेल्या एका माणसानं बांधावरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं. तो चालेल ती शीव. ढेकूळ शेवटपर्यंत फुटता कामा नये. खोटं चालला तर त्याचं घर बुडतं, असं म्हणत. माणूस कोण, ते उंबरदऱ्यानं सांगायचं.

उंबरदरे म्हणालं, "गोंदनाक वेसकर."

देशमुख म्हणाला, "अरे, तो तर त्यांच्या गावचा."

"असू दे," ते म्हणाले. "त्याच्या ओव्या आम्हाला खालपर्यंत ऐकू येतात."

सुभानजी पाटलाला हसू आवरेना. आपल्याच गावचा माणूस, आपल्याच मुठीतला. तो गोंदनाकाच्या झोपडीपुढं जाऊन उभा राहिला. "झऱ्याच्या पलीकडनं चालायचं," तो म्हणाला. "न्हाई चाललास तर तुझा रानाचा तुकडा गेला, झोपडी गेली. आणि देवळामागचा तो दगड पण गेला. जल्मात पोथी ऐकायला मिळणार न्हाई."

गोंदनाक म्हणाला, "तुकडा घ्या मालक. दगड ठेवा."

पाटलाला कळलं कुठं दुखतं ते. त्यानं त्याच दिवशी चार गडी लावून दगड ओढ्यात ढकलला.

गोंदनाकाची बायको हौशी. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पोथी त्यांची, देऊळ त्यांचं. न्याय करणारा देव पण त्यांच्याच कुलपात. तुमचं काय हाय त्यात?"

"ओव्या हायेत की," गोंदनाक म्हणाला. "त्या ओढ्यात ढकलता येत न्हाईत."

"ओव्यांवर छप्पर घालता येतं का?"

"न्हाई येत."

"मग?"

"देव आत हाय का भाईर, ते परवा कळंल."

हौशीनं भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली. पण त्या दिवशी सकाळी त्याचं धोतर धुऊन तिनंच दिलं.

चैत्र महिना. ऊन चढायच्या आत दोन्ही गावं शिवेवर जमली. देशमुख आला, घोंगडीवर बसला. म्हणाला, "ढेकूळ आणा."

आणि इथं आमच्या गावाची फजिती झाली. गड्यांनी पाटलाच्या बांधाला पहार लावली, ढेकूळ काढलं, उचललं, ते हातातच भुरभुरलं. दुसऱ्या बांधाचं काढलं. तेही तसंच. त्याचं कारण साधं आहे. जुन्या बांधावर हराळी वाढते, तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. दरवर्षी कोरून सरकवलेल्या बांधावर हराळी कुठली? नुसती लोटलेली माती. चौदा ढेकळं काढली, चौदा फुटली. गावात एक बांध असा सापडेना की जो जागचा हलला नव्हता. उंबरदऱ्याची माणसं आधी तोंडावर फडकी धरून हसत होती, मग फडकी काढून हसायला लागली.

देशमुख म्हणाला, "सुभानजी, तुमच्या गावाला स्वतःची ढेकूळभर माती नाही काय?"

शेवटी कोणीतरी हळूच म्हणालं, "वेसकराचा बांध हाय."

वेशीजवळ गोंदनाकाचा एक खाट मांडायला पुरेल एवढा तुकडा होता. त्यानं बांध कधी कोरला नव्हता. शेजाऱ्यांनी त्याचा कोरायला बघितला, पण तिथं नांगर घातला की फाळ मोडायचा, असं म्हणतात. माझा चुलता म्हणतो तिथं खाली खडक होता. दोन्ही खरं असेल. त्या बांधाचं ढेकूळ एका घावात पाटीएवढं निघालं, खाली मुळ्या दाढीसारख्या लोंबत होत्या. ते गोंदनाकाच्या डोक्यावर ठेवलं आणि तो चालायला लागला.

तो पुढं, पाटील मागं, दोन्ही गावं त्याच्या मागं. गोंदनाक तोंडानं ओव्या म्हणत होता. माळ संपला, झरा आला. इथं दोन वाटा. झऱ्याच्या अलीकडून जुनी शीव, पलीकडून नवी. पाटील मागून खाकरला.

असं म्हणतात की गोंदनाक थांबला, आणि त्यानं एक पाऊल पलीकडं टाकलं. हे काही लोक सांगत नाहीत, पण माझी आजी सांगते. त्याला हौशी आठवली असेल, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर नाही ते आठवलं असेल. एक पाऊल टाकलं आणि ढेकूळ एवढं जड झालं की त्याची मान खांद्यात गेली. गुडघे वाकले. डोळ्यांपुढं काळं आलं. त्यानं पाऊल मागं घेतलं. ढेकूळ हलकं झालं, टोपलीत चार फुलं असावीत एवढं. मला हेच आवडतं. ज्याचं पाऊल कधी चुकलंच नाही त्याची गोष्ट काय सांगायची?

मग तो झऱ्याच्या अलीकडून चालला. पाटील म्हणाला, "खोटं चाललाय. हितं दगड कुठं हाय शिवेचा?"

तेवढ्यात त्या कोरड्या ढेकळातून पाण्याचा एक थेंब गोंदनाकाच्या पायाशी पडला. गोंदनाक म्हणाला, "हितं खणा."

हातभर खणलं तर खाली कोळसा निघाला. शिवेचा दगड बसवताना त्याच्याखाली कोळसा पुरायची रीत होती, कारण कोळसा कुजत नाही. दगड आमच्या लोकांनी सरकवले होते, पण खालचा कोळसा सगळे विसरले होते. जमीन विसरली नव्हती. पुढं शंभर पावलांवर दुसरा थेंब पडला, तिथं पण कोळसा. असे अकरा थेंब पडले आणि अकरा ठिकाणी कोळसा निघाला. शेवटी गोंदनाकानं ढेकूळ खाली ठेवलं तेव्हा त्याच्यावरची हराळी चैत्रात हिरवीगार होती, असं म्हणतात.

झरा उंबरदऱ्याला परत गेला. पाटलानं पण शब्द पाळला, हे सांगायलाच पाहिजे. तुकडा घेतला, झोपडी मोडली. गोंदनाक आणि हौशी खाली झऱ्याजवळ राहायला गेले. उंबरदऱ्यानं त्यांना छप्पर घालून दिलं. पण तिथं पोथी ऐकू येत नव्हती. संध्याकाळ झाली की गोंदनाक वर माळसोंड्याकडं तोंड करून बसायचा. हौशी म्हणायची, "ऐकू येतंय का काही?" तो म्हणायचा, "आत्ता तिसरा अध्याय चालू असंल."

श्रावण आला. आमच्या देवळात सातवा अध्याय लागला. नारोभटांनी सहावी वाचली, झरोक्याकडं बघितलं, आणि निवांत नववीला हात घातला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "दोन ओव्या राहिल्या, महाराज."

सगळे बाहेर पळाले. कोणी नाही. फक्त झरोक्याखाली तो दगड होता, जागच्या जागी, ओढ्याचं पाणी अजून त्याच्यावरून निथळत होतं. खाली माणूस पिटाळला तर गोंदनाक झऱ्यावर बसून कांदा भाकरी खात होता. दुपारपासून तो तिथंच होता, असं पन्नास जणांनी सांगितलं.

पाटील आत येऊन बसला. म्हणाला, "वाचा पुढं." आणि त्या वर्षी त्या दोन ओव्या वाचल्याच नाहीत.

भाद्रपदात आठ दिवस पाऊस लागला. नेहमीचाच, काही वेगळा नव्हता. पण कोरलेल्या बांधात मुळी नव्हती. वरचा बांध फुटला, तो खालच्यावर आला, खालचा त्याच्या खालच्यावर. पंधरा वर्षं बोट बोट करून लोटलेली माती आठ दिवसांत स्वतःच खाली गेली, सगळी उंबरदऱ्याच्या रानात. आजपण त्यांच्याकडं काळी माती आहे आणि आमच्याकडं मुरूम. जाऊन बघा. एकटा गोंदनाकाचा बांध उभा राहिला.

मग गावाला कळलं की आता हराळी लावल्याशिवाय बांध धरणार नाही. आणि हराळी एकाच ठिकाणी होती. पाटील दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी अनवाणी खाली गेला. गोंदनाकापुढं उभा राहिला.

हौशी म्हणाली, "बसा पाटील. आमच्याकडं ओव्या हायेत, त्यावर बसता येत न्हाई, घोंगडी देते."

पाटील बसला. म्हणाला, "बांधाच्या मुळ्या पायजेत. तुझा तुकडा तुला परत."

"न्या की," गोंदनाक म्हणाला. "बांधापुरत्या समद्यांना द्या. पण ओव्या सोडू नका."

"न्हाई सोडत. तू वर ये. आत येऊन बस, गाभाऱ्यापर्यंत. कोण अडवतो बघतो."

गोंदनाक म्हणाला, "मी आत आलो तर भाईरून सांगणार कोण?"

पाटलानं पुष्कळ विचार केला. आणि मग त्यानं आयुष्यातलं एकच शहाणपणाचं काम केलं. पोथीच बाहेर आणली.

तेव्हापासून माळसोंड्यात पोथी देवळात वाचत नाहीत. बाहेर, झरोक्याखाली, त्या दगडापुढं वाचतात. सगळे एका जागी बसतात, आणि देव झरोक्यातून ऐकतो. दगडावर कोणी बसत नाही. आमच्या गावात अजून बांधापासून दोन हात नांगर घालत नाहीत, त्याला गोंदबाबाची पट्टी म्हणतात. आणि सातव्या अध्यायाला वाचणारे महाराज सहावी ओवी झाली की मुद्दाम थांबतात आणि नववी सुरू करतात. मग सगळं गाव ओरडतं, "दोन ओव्या राहिल्या, महाराज." मग त्या दोन वाचतात, दोनदा. वर्षात एवढ्या एकाच दिवशी मोठ्या माणसावर ओरडलं तर मार बसत नाही.

गेल्या वर्षी मी गंमत म्हणून पाचव्या अध्यायालाच ओरडलो. पोरं हसली, आजीनं डोळे वटारले, एकानं माझा कान धरला. महाराज पण चिडले. पण चिडून त्यांनी पान मागं उलटलं आणि बोट लावून बघितलं.

खरंच दोन राहिल्या होत्या. कान धरलेला हात तेव्हा आपोआप सुटला.