तीनवर अडलेली रेघ

एक वृद्ध डॉक्टर कापसाच्या एका गावी दमेकऱ्यांवर उपचार करीत असत. त्यांच्या तरुण शिष्याने गावातल्या दम्याच्या मृत्यूंचा तीस वर्षांचा तक्ता काढला, खाली मृतांची नावे मांडली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'दम्यावर विजय'. पूर्वी वर्षाला बारा माणसे दगावत. तोंडाने ओढायच्या रोजच्या औषधाचे पंप आल्यावर तक्त्यावरची मृत्यूंची रेघ उतरत उतरत तीनवर आली. गेली दहा वर्षे मात्र ती तिथेच अडली होती.

"तीन म्हणजे काहीच नाही!" कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचे मालक शेठ म्हणाले. त्यांनी डॉक्टरांचा सत्कार ठरवला, दवाखान्याला नवी इमारतही कबूल केली. शिष्य हरखून गेला.

वृद्ध डॉक्टरांनी एकच अट घातली. "सत्कार तुमच्या जिनिंगमध्ये करा. यंत्रं चालू ठेवून."

कापसाची धूळ उडत होती. नाकाला रुमाल लावून शेठनी शाल पुढे केली. वृद्धांनी ती घेतली नाही. खिशातून दम्याचा पंप काढून त्यांनी सर्वांदेखत ओढला.

कामकरी बाया चपापल्या. ज्याच्या हाती पंप दिसेल त्याला मुकादम त्याच दिवशी कामावरून काढी, असा तिथला शिरस्ताच होता.

"मुकादम, मलाही घरी पाठवा," वृद्ध म्हणाले.

"सर, तुम्हाला दमा आहे?" शिष्याने विचारले.

"वीस वर्षं. तुझ्यापासूनही लपवला, याची लाज वाटते मला. डॉक्टरच लपवतो, तर कौसाबाईनं काय करावं? गेल्या महिन्यात काम करता करता ती याच यंत्रापाशी दम कोंडून दगावली. कुणाला दिसू नये म्हणून पंप घरी ठेवून यायची. बाळ, बाराचे तीन औषधानं झाले. पुढचं नुसत्या औषधानं होणार नाही. ही धूळ हटली पाहिजे आणि ही भीतीही. आणि शेठ, तीन म्हणजे काहीच नाही, हे तिच्या लेकीला सांगा. ती समोर उभी आहे."

शेठचा चेहरा उतरला. "मग इमारतीचं विसरा, डॉक्टर."

"विसरलो."

कौसाबाईच्या लेकीने कमरेची गाठ सोडली, पंप काढला आणि मुकादमाच्या डोळ्याला डोळा भिडवून ओढला. मग शेजारणीने काढला. मग आणखी सात-आठ जणींनी. मुकादम शेठकडे पाहत राहिला. इतक्या जणींना काढले असते तर यंत्रेच बंद पडली असती.

जुन्याच दवाखान्यात परतल्यावर शिष्याने तक्त्यावरचे 'दम्यावर विजय' हे शब्द खोडले. मृतांच्या नावांपुढे त्याने एक नवा रकाना आखला, 'शेवटच्या क्षणी पंप कुठे होता?' कौसाबाईच्या नावापुढे लिहिले, 'घरी, फळीवर.'